वसमतला राहून ऐंशी लाखांची एसयूव्ही घ्यायची, तर तिच्या भरवशाचा हिशेब कसा मांडावा?

हळदबाजार (वसमत)

नमस्कार मंडळी,

आमचा हळदीचा व्यापार आहे. घरासाठी एक चांगली एसयूव्ही घ्यावी असे बऱ्याच दिवसांपासून मनात असून ऑन-रोड ऐंशी लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी झाली आहे. मर्सिडीजची जीएलसी, बीएमडब्ल्यूची एक्स थ्री, ऑडीची क्यू फाइव्ह, व्होल्वोची एक्ससी सिक्स्टी आणि लेक्ससची एनएक्स अशा पाच गाड्या डोळ्यांसमोर आहेत. आराम, सुरक्षितता आणि ताकद या बाबतींत यांपैकी कोणतीही चालेल. अडले आहे ते भरवशापाशी.

आईच्या मणक्याचे उपचार हैदराबादला चालू आहेत. दर महिन्याला नांदेड-देगलूरमार्गे तिकडे जावे लागते, अधूनमधून जिंतूर-जालनामार्गे संभाजीनगर होते, आणि हंगामात खेड्यापाड्यांतील रस्त्यांवरही गाडी न्यावी लागते. या कंपन्यांचे अधिकृत सर्व्हिस सेंटर आमच्या जवळपास मिळणे कठीण आहे. गाडी देगलूरच्या पुढे कुठे थांबली आणि आई मागच्या सीटवर असली तर काय, हा विचार आला की शोरूममध्ये ऐकलेले सारे गुण मागे पडतात. परिचितांपैकी काही म्हणतात की वॉरंटी संपली की अशा गाड्या पैसा खातात, तर काही म्हणतात की हा जुना समज आहे. परदेशी पाहण्यांचे आकडे इंटरनेटवर भरपूर सापडतात, पण ते आपल्या भागाला कितपत लागू पडतात हे उमजत नाही. ज्यांनी अशा गाड्या मराठवाड्यात प्रत्यक्ष वापरल्या किंवा दुरुस्त केल्या आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

वाळूज_टूलरूम (छत्रपती संभाजीनगर)

आपण विचारलेल्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण माझे काम वाहनांच्या सुट्या भागांच्या गुणवत्ता तपासणीचे आहे आणि या पाहण्यांचा अर्थ लावताना लोकांची नेहमी गल्लत होते असे माझे मत आहे.

जे. डी. पॉवर या संस्थेची टिकाऊपणाची पाहणी सर्वांत जास्त उद्धृत केली जाते. ती अमेरिकेतील तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या पहिल्या मालकांना विचारून केली जाते आणि दर 100 गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजते. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी लेक्सस पहिल्या क्रमांकावर होती. 2025 मध्ये तिचा आकडा 140 होता आणि सर्व कंपन्यांची सरासरी 202. इथपर्यंत चित्र स्पष्ट वाटते. पण या मोजणीत फोन गाडीच्या स्क्रीनशी न जुळणे ही एक तक्रार असते आणि गिअरबॉक्स निकामी होणे हीसुद्धा एकच तक्रार असते. अलीकडच्या वर्षांत सर्वाधिक तक्रारी स्क्रीन, फोन आणि सॉफ्टवेअर यांच्याच आहेत. ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या माणसाला दोन्हींचा त्रास जवळपास सारखाच होतो, कारण डीलर अर्ध्या तासावर असतो आणि तोवर दुसरी गाडी हाती दिली जाते. आपल्याकडे मात्र पहिली तक्रार महिनाभर सहन करता येते आणि दुसरी आली तर गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर चढवून लांबच्या प्रवासाला पाठवावी लागते.

म्हणून माझ्या मते आपण एकूण बिघाड मोजण्याऐवजी ज्या बिघाडाने गाडी जागची हलत नाही, तेवढेच वेगळे काढावेत आणि प्रत्येक गाडीत अशा जागा किती आहेत ते पाहावे. त्या दृष्टीने पाहता एनएक्सचे हायब्रिड तंत्र, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर यांची जोडी, खरोखर जमेची बाजू आहे. तिच्या 2.5 लिटर पेट्रोल इंजिनाला टर्बो नाही, नेहमीचा स्टार्टर आणि आल्टरनेटर नाही, आणि गिअरबॉक्समध्ये झिजणारे क्लच नाहीत. दीर्घकाळात जे भाग बदलावे लागतात त्यांपैकी बरेचसे तिच्यात मुळातच नाहीत. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. हायब्रिड बॅटरी थंड ठेवणारा पंखा मागच्या सीटजवळून हवा ओढतो आणि तिथे एक छोटी जाळी असते. हळदीची भुकटी किंवा सरकीची धूळ असलेली पोती आपण कधी गाडीत ठेवणार असाल, तर ती जाळी प्रत्येक सर्व्हिसला साफ करून घ्यावी, अन्यथा बॅटरी तापू लागते.

आणखी एक गैरसमज आमच्या शहरात फार आहे. क्यू फाइव्ह शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जाते, म्हणून तिचे सुटे भाग संभाजीनगरात तयार मिळतील असे लोक गृहीत धरतात. प्रत्यक्षात जोडणीसाठीचे संच बाहेरून येतात आणि ते ग्राहकाच्या दुरुस्तीसाठी नसतात. सुट्या भागांचा पुरवठा कंपनीच्या मध्यवर्ती गोदामातून स्वतंत्रपणे होतो. कारखाना शेजारी असल्याने गाडीची किंमत आयात गाडीच्या तुलनेत आवाक्यात राहते, पण भाग लवकर मिळण्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

दुधनाकाठ (सेलू)

वाळूजच्या मित्रांनी केलेली विभागणी मला पूर्णपणे पटते. मी वैद्यकीय व्यवसायात असून एक जर्मन एसयूव्ही बरीच वर्षे वापरत आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही.

माझ्या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स यांनी आजवर एकदाही दगा दिलेला नाही. त्रास झाला तो एअर सस्पेन्शनचा. अशा गाडीत स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे असतात आणि एक कॉम्प्रेसर त्यांत हवा भरत असतो. रबर जुने झाले की बारीक चिरा पडतात, हवा हळूहळू निसटते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो. एके दिवशी सकाळी गाडी एका बाजूला बसलेली दिसली. इंजिन उत्तम चालू होते, पण त्या अवस्थेत ती चालवणे शक्य नव्हते. भाग परदेशातून यायचा होता आणि तो येईपर्यंत गाडी डीलरच्या आवारात उभी राहिली. बिलाचा आकडा मोठा होता, पण त्याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे तो भाग नेमका कधी येईल हे कोणीही खात्रीने सांगू शकत नव्हते.

आपल्या भागात हे लवकर का होते याचे कारण पायाखालीच आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता वरून गुळगुळीत दिसला तरी त्याला लाटा पडतात. त्या लाटांवरून वेगाने गेले की सस्पेन्शन दर क्षणी पूर्ण दबते आणि पूर्ण उघडते. त्यात परभणी-नांदेडचा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा उन्हाळा रबराचे आयुष्य आणखी कमी करतो. आपल्या यादीतील एक्ससी सिक्स्टीला एअर सस्पेन्शन आहे आणि जीएलसीला साध्या स्टीलच्या स्प्रिंग आहेत. मणक्याचा त्रास असलेल्या रुग्णासाठी एअर सस्पेन्शन सुखद असते हे मी डॉक्टर म्हणूनही मान्य करतो, परंतु गाडी सात-आठ वर्षे ठेवण्याचा विचार असेल तर हा भाग एकदा तरी बदलावा लागेल असे गृहीत धरूनच पैसे बाजूला ठेवावेत.

टायरबद्दल वेगळे सांगतो, कारण रस्त्यात थांबण्याचे सर्वांत नेहमीचे कारण तेच आहे आणि भरवशाच्या चर्चेत ते कोणी धरत नाही. या वर्गातील पुष्कळ गाड्यांना पूर्ण मापाची स्टेपनी नसते. काहींना रनफ्लॅट टायर असतात, ज्यांवर हवा गेल्यावर ताशी 80 किलोमीटरच्या आत साधारण 80 किलोमीटर जाता येते. काहींना पंक्चर भरण्याचे किट दिलेले असते. खड्ड्याच्या कडेने टायरची बाजू फाटली तर किटचा काहीच उपयोग नाही, आणि एकोणीस-वीस इंची टायर नांदेड सोडल्यावर रस्त्यात कुठे मिळेल याची खात्री नाही. शोरूममध्ये डिकीचे झाकण उचलून आत काय आहे ते स्वतः पाहा, आणि पर्याय असेल तर लहान रिमचे मॉडेल घ्या. दिसायला थोडे कमी, पण टायरची भिंत उंच असल्याने आईंनाही धक्के कमी बसतील.

हळदबाजार (वसमत)

दोघांचेही मनापासून आभार. काळ्या मातीचा मुद्दा वाचला आणि आमच्या औंढा रस्त्याची आठवण झाली. एअर सस्पेन्शनचा आग्रह मी सोडला आहे. आता आणखी एक प्रश्न. आमच्याकडे डिझेलचीच सवय आहे. ऑडी आणि व्होल्वो भारतात आता डिझेल देत नाहीत, मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू देतात. आमचे महिन्याचे रनिंग दीड-दोन हजार किलोमीटर आहे, त्यातील निम्मे महामार्गावर आणि उरलेले वसमत-नांदेड आणि गावातल्या गावात. अशा वापराला डिझेल अधिक भरवशाचे ठरेल का?

देगलूरनाका_गॅरेज (नांदेड)

मी या व्यवसायात वडिलांच्या हाताखाली शिकलो आणि आता बहुतेक काम बीएस-सहा (धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष) डिझेलचेच येते, म्हणून या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा लागू झाल्यावर डिझेल गाडीच्या इंजिनामागे दोन नवीन यंत्रणा आल्या. पहिली डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ही जाळी भरली की गाडी स्वतःच तिचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेऊन काजळी जाळून टाकते, परंतु त्यासाठी काही काळ सलग आणि एका लयीत चालावे लागते. घर ते मोंढा, मोंढा ते बँक, असा वापर असेल तर जाळण्याची क्रिया दरवेळी अर्धवट राहते, काजळी साचते, आणि त्या प्रयत्नात जास्तीचे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. आपण दर महिन्याला हैदराबादला जाता, म्हणजे जाळी साफ होण्याची संधी मिळते. ही आपल्या बाजूची गोष्ट आहे. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागलाच तर गाडी बंद न करता तिला नांदेड-देगलूर रस्त्यावर अर्धा तास एकसारख्या वेगात पळवावी. दिव्याकडे दुर्लक्ष केले तर पुढे गाडी ताकद कमी करते आणि सर्व्हिस सेंटरशिवाय ती पूर्ववत होत नाही.

दुसरी यंत्रणा म्हणजे डीईएफ, ज्याला कंपन्या ॲडब्लू म्हणतात. हे युरियाचे शुद्ध द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. टाकी रिकामी झाली तर गाडी आधी पुष्कळ वेळा इशारा देते, आणि तरीही भरले नाही तर बंद केल्यावर पुन्हा चालूच होत नाही. म्हणजे वर ज्याला जागची न हलणारी गाडी म्हटले आहे ती स्थिती कोणताही भाग न बिघडता येऊ शकते. हे द्रावण पस्तीस अंशांच्या सततच्या उष्णतेत साधारण सहा महिनेच चांगले राहते. आपल्याकडे दुकानाबाहेर उन्हात रचून ठेवलेले डबे सर्रास विकले जातात. तसा डबा कधीही घेऊ नये. डब्यावरची तारीख पाहावी आणि घरीही तो सावलीत ठेवावा.

आणि एक गोष्ट अत्यंत कळकळीने सांगतो, कारण शेतकरी घरांतून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. घरात खताचा युरिया आहे म्हणून तो पाण्यात विरघळवून टाकीत ओतण्याचा विचारही करू नका. खताच्या युरियाला नीमलेप असतो आणि त्यात इतर अशुद्धी असतात. ते द्रावण पंप, नोझल आणि कॅटॅलिस्ट (धूर शुद्ध करणारा भाग) एकदमच खराब करते, आणि वॉरंटीत त्यातले काहीही बसत नाही.

आपल्या रनिंगला डिझेल चालेल. पण "डिझेल म्हणजे भरवसा" हे समीकरण ज्या काळात तयार झाले, त्या काळातील डिझेलमध्ये यातले काही नव्हते. आपल्या जागी मी असतो तर पेट्रोल किंवा हायब्रिड घेतले असते. या पाचही नव्या गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या आहेत, त्यामुळे त्याची चिंता नको.

बालाघाट_माथा (बीड)

सर्वांचे लेखन माहितीपूर्ण आहे, तरीही एक वेगळा विचार मांडावासा वाटतो. प्रश्न भरवशाचाच असेल तर अर्ध्या-पाऊण किमतीत टोयोटाची फॉर्च्युनर उपलब्ध आहे. शिडीसारख्या मजबूत चासीवर बांधलेली गाडी, 2.8 लिटरचे ओळखीचे डिझेल इंजिन, नांदेडमध्येच सर्व्हिस, आणि विकताना मिळणारी किंमत या वर्गातील कोणत्याही गाडीपेक्षा चांगली. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात सतत फिरणारे लोक तीच का घेतात, याला कारण आहे. उरलेल्या पैशांत आईंच्या उपचारांचा मोठा भाग निघेल.

दुधनाकाठ (सेलू)

बीडच्या बंधूंचे म्हणणे गाडीपुरते अगदी खरे आहे. यादीतील कोणतीही गाडी दुरुस्तीच्या सोयीत फॉर्च्युनरच्या जवळ येत नाही. परंतु मणक्याच्या रुग्णाने हैदराबादपर्यंत मागच्या सीटवर बसायचे असेल, तर चासीवरच्या गाडीचे हादरे आणि चढता-उतरतानाची उंची या दोन्ही गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. गाडी कधी ना कधी थांबेल या भीतीने आईंना प्रत्येक फेरीत त्रास द्यावा, हे मला पटत नाही. निर्णय करण्यापूर्वी त्यांनाच दोन्ही गाड्यांमध्ये तासभर बसवून पाहावे आणि त्यांचे मत प्रमाण मानावे.

मांजरा_विधी (लातूर)

तांत्रिक बाजूवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. ग्राहक न्यायालयात वाहनांची प्रकरणे चालवत असल्याने कागदांविषयी लिहितो, कारण भरवसा अखेरीस काही प्रमाणात कागदावरच विकत घ्यावा लागतो.

एक्स्टेंडेड वॉरंटी गाडी घेतानाच, कंपनीकडूनच घ्यावी. ती घेण्यापूर्वी माहितीपत्रकावर न विसंबता मूळ अटींचे पुस्तक मागून वगळलेल्या भागांची यादी वाचावी. रबरी भाग, बॅटरी, सेन्सर आणि सस्पेन्शनचे बुश यांचा उल्लेख बहुधा तिथेच सापडतो. मोफत टोइंग किती किलोमीटरपर्यंत आणि राज्याची हद्द ओलांडल्यावर ते लागू राहते का, हे आपल्यासाठी विशेष महत्त्वाचे आहे. देगलूरनंतर तेलंगण लागते. तसेच दुरुस्ती लांबली तर पर्यायी गाडी किंवा भाडे मिळेल का, हे विक्री प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनावर न सोडता ई-मेलवर लिहून घ्यावे. वाहन विम्याची नेहमीची पॉलिसी यांत्रिक बिघाडाला संरक्षण देत नाही. झीरो डेप्रिसिएशन (भागांच्या जुनेपणाची रक्कम न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्शन ही जोड-संरक्षणे वेगळी घ्यावी लागतात. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करून इंजिन गेले, तर साध्या पॉलिसीत दावा अडकतो.

तक्रारीची वेळ आलीच तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार आपण जिथे राहता तिथल्या आयोगाकडे जाता येते. त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठण्याची गरज नाही. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पन्नास लाखांहून अधिक ते दोन कोटींपर्यंत असेल तर राज्य आयोग. राज्य आयोगाचे फिरते खंडपीठ संभाजीनगरला भरते. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून प्रत्येक भेटीचे जॉब कार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटरने तक्रार आणि काम नोंदवलेला कागद, जपून ठेवावे आणि आपण सांगितलेली तक्रार त्यावर आपल्याच शब्दांत लिहिली गेली आहे याची खात्री केल्याशिवाय सही करू नये. "जनरल चेकअप" एवढेच लिहिलेल्या कार्डामुळे चांगली प्रकरणे कमकुवत झालेली मी पाहिली आहेत.

हळदबाजार (वसमत)

ही माहिती शोरूममध्ये कोणी दिली नसती. वकीलसाहेबांना एकच विचारतो. आमचे सीए गाडी पेढीच्या नावावर घ्यावी असे सुचवतात. तसे केल्यास ग्राहक म्हणून असलेला हक्क जातो का? बाकी निर्णयाचे म्हणाल, तर आता एनएक्स आणि स्टीलच्या स्प्रिंगची पेट्रोल जीएलसी या दोनच गाड्या उरल्या आहेत. पुढच्या हैदराबाद फेरीत आईला दोन्हींत बसवून पाहतो, आणि लेक्ससच्या तिथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये ब्रेक पॅड, पुढची काच आणि सस्पेन्शनचे भाग साठ्यात असतात की मागवावे लागतात, हे व्यवस्थापकांकडून लिहून घेतो.

मांजरा_विधी (लातूर)

हक्क आपोआप जात नाही, पण विरुद्ध पक्षाला वाद घालायला एक जागा मिळते. "व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू" हा त्यांचा पहिला आक्षेप असतो. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेल्या महागड्या गाड्यांच्या प्रकरणात हा आक्षेप फेटाळला आहे. गाडीची खरेदी नफा मिळवण्याच्या कामाशी थेट जोडलेली आहे, हे विरुद्ध पक्षाला दाखवावे लागते. केवळ नाव कंपनीचे आहे एवढे पुरेसे नाही. करांच्या बाजूने पाहिल्यास, मोठ्या गाड्यांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे आणि पेढीच्या नावावर घेतली तरी अशा प्रवासी गाडीवर त्याचे इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) सहसा मिळत नाही. मिळतो तो मुख्यतः घसाऱ्याचा लाभ, आणि घरगुती वापराचा वाटा त्यातून वगळावा लागतो. आपला मुख्य वापर आईंच्या उपचारांसाठी आहे. गाडी आपल्या स्वतःच्या नावावर घ्यावी असे माझे मत आहे. सीएंनी घसाऱ्याचा नेमका आकडा काढून दिला आणि तो मोठा असलाच, तर पेढीच्या ठरावात गाडी कोणाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतली आहे हे स्पष्ट नोंदवून ठेवावे.